शब्दचर्चा : ‘ऑक्टेन’, ‘पॉवर’ आणि पिकअपचा ‘पिकअप’

प्रश्न (तुर्भे) :
वाशीच्या बाजार समितीतून भाजी वाहणारी आमची छोटी पेट्रोल पिकअप आहे. पंपावर ‘साधं की पॉवर?’ असे विचारले की आमचा चालक दर खेपेस ‘पॉवर’ सांगतो, कारण त्याने गाडीचा पिकअप वाढतो असे त्याचे म्हणणे आहे. गाडीच्या पुस्तिकेत किमान ऑक्टेन ९१ असे दिले आहे, तर एका अमेरिकी पिकअपच्या माहितीत ८७ हा आकडा वाचनात आला. ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद, असा अर्थ घ्यावा काय?

उत्तर (ठाणे) :
तसा अर्थ घेऊ नये. ऑक्टेन अंक इंधनाची ताकद सांगत नाही, दाब सोसण्याची त्याची क्षमता सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग ठिणगीने पेटवले जाते. पण ठिणगीची ज्योत सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर इंजिनातून टकटक ऐकू येते. गॅरेजमध्ये यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते टाळण्याची इंधनाची क्षमता जितकी अधिक, तितका अंक मोठा.

मोजपट्टीसाठी आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेन या दुसऱ्या द्रवाला शून्य धरले आहे. ‘ऑक्टेन’ या नावात आठ आहे, आपल्या ‘अष्ट’चाच तो सगोत्र शब्द, कारण त्याच्या रेणूत कार्बनचे आठ अणू असतात. मात्र त्याच आठ अणूंची सरळ साखळी असलेल्या साध्या ऑक्टेनचा अंक शून्याच्याही खाली जातो. म्हणजे मान आठ या संख्येला नसून रेणूच्या फांद्याफांद्यांच्या रचनेला आहे, आणि म्हणून या शब्दाचा कोणताही अनुवाद करण्यापेक्षा ‘ऑक्टेन अंक’ असेच लिहावे, असे माझे मत आहे.

८७ आणि ९१ या आकड्यांत विरोध नाही. आपल्याकडे ‘रिसर्च’ पद्धतीचा अंक देतात, तर अमेरिकेत पंपावर ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन पद्धतींची सरासरी लिहितात. तिकडचे ८७ साधारणपणे इकडच्या ९१ इतकेच भरते. तिकडची पुस्तिका वाचून इकडे इंधन निवडणाऱ्याने हा फरक अवश्य ध्यानात ठेवावा.

आता ‘पॉवर’. पंपावर हा शब्द एका कंपनीच्या नावावरून रूढ झाला आणि सगळ्याच महाग पेट्रोलला लागू लागला. ९१ अंकासाठी बनवलेल्या इंजिनात १०० अंकाचे पेट्रोल भरले, तरी एरवी नॉकिंग होत नसेल तर त्याला जास्तीचे बळ मिळत नाही. उंच दाबाच्या किंवा टर्बो इंजिनाला निर्मात्यानेच अधिक अंक सांगितला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कमी अंकाचे पेट्रोल भरल्यास इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि जोर खरोखर घटतो. शिवाय इथेनॉलचा स्वतःचा अंक १०८ च्या आसपास असल्याने २० टक्के मिश्रणाच्या साध्या पेट्रोलचाही अंक आता ९५ धरला जातो. इथेनॉलात ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा कमी असते. अंक वाढला आणि ऊर्जा घटली, हे एकाच मिश्रणात घडते. ‘ऑक्टेन म्हणजे ताकद’ हा समज खोडण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

चालकाचा ‘पिकअप’ हा शब्दही तपासावा. मराठीत तो वाहनाचे नाव आहे आणि वेग घेण्याच्या क्षमतेचेही. भरलेली गाडी गायमुखच्या चढावर वरच्या गिअरात रेटली की टकटक होते आणि गाडी मंदावते. तिथे खालचा गिअर टाकणे हा पहिला उपाय, पेट्रोल बदलणे नव्हे. तरीही टकटक राहिली, तर प्लग आणि सिलिंडरमधील काजळी तपासून घ्यावी.

पुरवणी प्रश्न (कळवा) :
आमची पिकअप डिझेलची आहे. तिला कोणता अंक पाहावा?

उत्तर (ठाणे) :
डिझेलच्या संदर्भात ‘ऑक्टेन’ हा शब्दच वापरू नये. तिथे ‘सीटेन अंक’ म्हणावे, आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे : दाबाखाली डिझेल किती चटकन आपोआप पेटते, ते तो सांगतो. बीएस-६ डिझेलसाठी तो किमान ५१ ठरवलेला आहे. पेट्रोलमध्ये जे टाळायचे, तेच डिझेलमध्ये घडवून आणायचे असते, म्हणून डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल गेल्यास इंजिन चालू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.