मदत हवी आहे : एका रविवारी सापडलेला नोड पुढच्या रविवारी हरवला

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो आहे. माझी लेक दहावीत आहे, दोन वर्षांपासून १० मीटर एअर रायफल खेळते. जवळपास नेमबाजीची रेंज नाही. घरामागं कापूस साठवायची लांब खोली आहे, वेचणीचा हंगाम सोडला की ती मोकळीच असते. तिथं टेप लावून १० मीटर मोजले, मागच्या भिंतीला वाळूची पोती रचली आणि तिची रेंज झाली. रायफल जुनी घेतलेली, हवेच्या सिलिंडरवर चालणारी. मी कास्तकार माणूस, पण वावरातली मोटार स्वतः खोलून बसवतो, म्हणून रायफलची देखभालही माझ्याकडेच.

बाहेरच्या देशातले नेमबाज काडतूस स्वतः भरतात, त्याबद्दल वाचलं होतं. बारूद दोन-तीन दशांश ग्रेननं (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) वाढवत जायची, दर पायरीला वेग मोजायचा. वेग वाढता वाढता एका जागी थबकतो, ग्रुपही, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, तिथंच आवळून येतो; त्या जागेला ते नोड म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरता येत नाही आणि मला ते करायचंही नाही. पण वाटलं, एअर रायफललाही असा नोड असेल. रायफलच्या आतल्या हातोडीच्या स्प्रिंगचा स्क्रू फिरवला की पेलेटचा, म्हणजे तिच्या छोट्या गोळीचा, वेग बदलतो, मग तसंच करून पाहू.

रायफल लाकडी चौकटीत घट्ट बांधली. क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, एका ओळखीच्या कोचकडून दोन आठवड्यांसाठी आणला. स्क्रूचा पाव-पाव फेरा करत आठ पायऱ्या केल्या, दर पायरीला ५ शॉट. वेग सेकंदाला १६६ मीटरपासून १७७ पर्यंत गेला. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला तो जवळपास हललाच नाही, १७०.१ आणि १७०.४. आणि तिसऱ्या पायरीचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, १.१ मिलिमीटर! कार्डावर पाच पेलेटचं मिळून एकच भोक, तुरीच्या दाण्याएवढं. बाकी पायऱ्यांचे ग्रुप १.८ ते २.६. लेकीनं ते कार्ड कापून गणिताच्या वहीत चिकटवलं.

पुढच्या रविवारी सगळं पुन्हा केलं. पेलेट त्याच डब्यातले, सिलिंडरचा दाबही तोच. तिसऱ्या पायरीला २.३ आला. वेग थबकला तो या वेळी सहाव्या पायरीला. लेक म्हणते, "बाबा, तिसऱ्यावरच ठेवा, ते कार्ड खोटं थोडंच आहे?" तिला काय सांगू? जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आहे. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, दशांशाचा प्रत्येक गुण पाव मिलिमीटरचा. त्यात माझ्या चुकीनं तिचे गुण जायला नकोत. जाणकारांनी सांगा ना जी.

प्रतिसाद :

दादा, मेहनत पाहून बरं वाटलं. स्क्रू अजिबात न हलवता ५-५ शॉटचे आठ ग्रुप घ्या, आणि जणू आठ वेगळ्या पायऱ्या आहेत असे ओळीनं लिहा. मग त्यात नोड दिसतो का ते बघा.

तुमच्या रायफलचा वेग शॉटमागे साधारण दीड मीटरनं इकडंतिकडं होत असेल, तर ५ शॉटच्या सरासरीतही पाऊण मीटरभर चूक राहते. तुमच्या दोन पायऱ्यांत अंतरच दीड मीटरचं. अशा वेळी दोन सरासऱ्या योगायोगानंही शेजारी येऊन बसतात आणि वेग थबकल्यासारखा दिसतो. ग्रुपचंही तेच. ५ शॉटचा ग्रुप एकाच रायफलला एकदा लहान, एकदा दुप्पट येऊ शकतो. आठांतला सगळ्यात लहान निवडला तर तो लहान असणारच. बारूद भरणाऱ्यांचे बरेच नोड असेच दुसऱ्या वेळी सापडत नाहीत.

मात्र वेग सारखा राहणं महत्त्वाचं आहेच. १७० च्या वेगानं १० मीटरवर पेलेट सुमारे १७ मिलिमीटर खाली पडतो. वेग ३ मीटरनं कमी झाला की आणखी ०.६ मिलिमीटर खाली, म्हणजे दशांशाचे दोन गुण गेले. रायफल दहा मिनिटं पडून राहिल्यावर पहिला शॉट वेगळा जातो का ते तपासा. जात असेल तर दोष बहुधा रेग्युलेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरची हवा ठरावीक दाबानं सोडणाऱ्या भागात आहे, स्क्रू फिरवून तो जाणार नाही.

धागाकर्ता :

भाऊ, तुम्ही म्हणाला तसं केलं. दुपारी लाइन गेली तरी दाराच्या उजेडात आठही ग्रुप पुरे केले. स्क्रूला हात लावला नाही. ग्रुप आले १.२ पासून २.५ पर्यंत, आणि पाचव्या-सहाव्या ग्रुपचा सरासरी वेग अगदी सारखा! लेकीनं आकडे स्वतः लिहिले, स्वतःच वही मिटली आणि थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे नोड नव्हताच." ते चिकटवलेलं कार्ड तिनं काढलं नाही, खाली तारीख टाकून "फक्त ५ शॉट" एवढं लिहिलं.

पडून राहिल्यानंतरचा पहिला शॉट ४ मीटरनं जास्त येतो, तीनदा पाहिलं. रेग्युलेटरचं सील बदलायला टाकतो. तोवर स्पर्धेत सरावाच्या वेळेत दोन शॉट जास्त मारायला तिला सांगितलं आहे.

आता स्क्रू १७० वर कायम ठेवून फक्त पेलेट बदलून पाहायचे आहेत, दर प्रकाराचे ३० शॉट, कार्डांचे मध्य जुळवून सगळे एकाच कार्डावर उतरवून. माझ्याकडे ४.५० चे (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आहेत. ५०० चा अख्खा डबा घेऊन तो जमला नाही तर खर्च झेपणार नाही. नागपूर किंवा अमरावतीकडं कुणाकडे ४.४९ आणि ४.५१ चे उघडलेले डबे असतील, तर ५०-५० पेलेट विकत द्याल का? मी येऊन घेऊन जाईन.