रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड. मदत हवी आहे

निवांत_नाही
ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, डॉक्टर म्हणे टेन्शन आहे. अहो पण मला कसलंच टेन्शन नाहीये! काल नुसता सोफ्यावर बसलो होतो आणि एकदम धडधड, हात थरथर, बोटांना मुंग्या, पोटात गोळा. डोकं शांत असताना शरीर असं का करतं? लवकर सांगा, आत्ताही पल्स ११० आहे.

तिरकी_रेघ
वय? किती वेळ टिकतं? कॉफी? थायरॉइड, हिमोग्लोबिन बघितलं? अर्धवट माहिती आणि वर लवकर सांगा.

निवांत_नाही
३४. अर्धा तास. कॉफी दोनदा. थायरॉइडचा काय संबंध?

सावकाश
थायरॉइड वाढलं की अगदी अशीच लक्षणं दिसतात, हा संबंध. बाकी धोका खरा असो नसो, मेंदूला वाटला की किडनीवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, ते सेकंदांत चढतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन मागून रमतगमत येतं. रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं म्हणून गोळा. मुंग्या येतात कारण नकळत भराभर श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो.

जुना_खेळाडू
एवढं पुराण कशाला, कागदी पिशवीत श्वास घ्या.

सावकाश
अजिबात नको! फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ऑक्सिजन आणखी कमी होतो. श्वास सावकाश सोडा, घेताना ४ आकडे, सोडताना ६.

जुना_खेळाडू
मी दहा वर्षं पिशवी वापरतोय. मेलो का?

मनमोकळी
मी भाषणाआधी प्रोप्रॅनोलॉल (धडधड-थरथर कमी करणारी गोळी) घेते (डॉक्टरांना विचारूनच), हात थरथरत नाहीत. विचारून बघा.

पट्टेवाला
घड्याळाचा पट्टा सैल असेल तर पल्स चुकीची दाखवतं बरं का.

निवांत_नाही
घड्याळ ठीक आहे हो. प्रोप्रॅनोलॉल पंपाबरोबर चालतं का?

तिरकी_रेघ
कसला पंप???

निवांत_नाही
दम्याचा, सालब्युटामॉल. लहानपणापासून आहे, त्यात काय सांगायचं. काल सोफ्यावर बसायच्या आधी तीन-चार पफ मारले होते.

सावकाश
धन्य आहात. पंपानेच धडधड आणि थरथर होऊ शकते, ती बघून तुम्ही घाबरलात की तुमचं स्वतःचं अ‍ॅड्रिनलिन वरून पडतं, मग आणखी धडधड. आणि प्रोप्रॅनोलॉल दम्यात श्वासनळ्या आवळू शकतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पंप मात्र मनाने बंद करू नका. इतके पफ का लागतायत ते डॉक्टरांना विचारा.

मनमोकळी
बाप रे, दमा आहे हे माहीतच नव्हतं. माझं वरचं रद्द समजा.

निवांत_नाही
डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नाही.

पट्टेवाला
तरी पट्टा बघाच एकदा.