एफटीआयआय: डायरेक्शनला फॉर्म भरू की साउंडला?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडचा, मेकॅनिकल केलंय, सध्या चाकणला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे आणि बरेच दिवस डोक्यात एकच किडा आहे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा तीन वर्षांचा पीजी कोर्स. मला डायरेक्शन करायचंय (असं वाटतं तरी) पण रूम पार्टनर म्हणतो डायरेक्शनला अख्खा देश फॉर्म भरतो, तू साउंडला टाक, तिकडे गर्दी कमी, एकदा आत घुसलास की मग काय हवं ते कर. माझ्याकडे शोरील (स्वतःच्या कामाचा नमुना व्हिडिओ) वगैरे काही नाही. कॉलेजात एकांकिका बसवायचो, मोबाइलवर काहीबाही शूट केलंय पण ते कुणाला दाखवण्यासारखं नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम. वय २७, उशीर झालाय का? आणि कोचिंग लावायचं का, फी ऐकून घाम फुटला. घरी अजून बोललो नाहीये, तो वेगळाच विषय आहे, इथे नको.

रिळांचा गुंता
वयाचं टेन्शन सोड, तिथे ग्रॅज्युएशन लागतं, ते तुझं झालंय. शोरीलही प्रवेश परीक्षेला कोणी मागत नाही. आधी लेखी, त्यात निवडलं तर पुढे ओरिएंटेशन आणि इंटरव्ह्यू.

पण पार्टनरचं अजिबात ऐकू नको. एकेका विभागात जेमतेम दहा-बारा जागा असतात, इंटरव्ह्यूला समोर बसलेली माणसं त्याच कामात मुरलेली असतात, हा आपल्याकडे मागच्या दाराने आलाय हे त्यांना पाच मिनिटांत कळतं. समजा नाही कळलं आणि मिळाली अॅडमिशन, मग? विभाग नंतर बदलून मिळेल या भरवशावर राहू नकोस. तिथे फिल्म टीमने करतात, डायरेक्शनचा एक, कॅमेऱ्याचा एक, एडिटिंगचा एक, साउंडचा एक. म्हणजे तीन वर्षं तू दुसऱ्याच्या फिल्मसाठी बूम (काठीवरचा माइक) धरून उभा राहणार आणि मनात म्हणणार हा शॉट मी असा नसता घेतला. शिवाय तीन वर्षं म्हणजे तीनच असं धरू नको, जुन्या काही बॅचेसचं बरंच लांबलं होतं. तेवढा काळ नावडतं काम करून बघ मग बोल.

भोंगा
गुंता यांच्याशी सहमत, फक्त "दुसऱ्याच्या फिल्मसाठी बूम धरून" हे वाचून जरा लागलं 😄 साउंडवाला म्हणजे हमाल नव्हे हो. रसूल पूकुट्टींना २००९ मध्ये साउंडचं ऑस्कर मिळालं तेव्हा चार दिवस सगळ्यांना साउंड डिझाइन कळायला लागलं होतं, मग परत जैसे थे.

कृष्णाकाठ, तुला एक विचारतो. प्रेस शॉपमध्ये आहेस ना, मग डाय (पार्टचा साचा) बिघडली की पार्ट हातात यायच्या आधी नुसत्या ठोक्यावरून कळतं का तुला? आणि एकांकिका बसवताना तू जास्त भांडायचास कशावरून, नटाच्या उभं राहण्यावरून की म्युझिक ऑपरेट करणाऱ्याशी? याचं खरं उत्तर स्वतःला दे, इथे नाही दिलंस तरी चालेल. कारण मला तुझ्या पोस्टमध्ये "असं वाटतं तरी" हे कंसातलं जास्त महत्त्वाचं वाटलं.

साउंडला बारावीला फिजिक्स लागतं, ते तुझ्याकडे आहे. लेखीसाठी फ्रीक्वेन्सी, तरंगलांबी, डेसिबल, प्रतिध्वनी हे अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं घासून ठेव. पण नुसतं त्यावर भागत नाही, निरीक्षण लागतं. पुढच्या वेळी गावी गेलास की कऱ्हाड स्टँडवर अर्धा तास डोळे मिटून बस, मग नदीवर प्रीतिसंगमावर बस, आणि ऐकलेलं लिहून काढ. "गोंगाट होता" असं नाही लिहायचं. कुठला आवाज जवळ, कुठला लांब, कुठला अचानक बंद झाला आणि तो बंद झाल्यावर काय ऐकू यायला लागलं. हे लिहिताना वेळ कसा गेला कळलं नाही तर साउंड. कंटाळा येऊन शेजारच्या बाकावर भांडणाऱ्या नवरा-बायकोची गोष्ट लिहायला लागलास तर सरळ डायरेक्शनला भर, माझे आशीर्वाद.

मधली सुट्टी
एफटीआयआयच्याच एक वर्षाच्या टीव्ही विंगचं कोणीच कसं बोललं नाही? लोक त्याला उगाच दुय्यम समजतात. २०२४ ला कान फेस्टिव्हलमध्ये ला सिनेफचं (फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा) पहिलं बक्षीस मिळालं ती फिल्म त्याच एका वर्षाच्या कोर्समधली, दिग्दर्शक चिदानंद नाईक, मूळचा डॉक्टर. नोकरी सोडायची भीती असेल तर एक वर्ष घरी सांगायलाही सोपं जातं. आणि कोलकात्याचं सत्यजित रे इन्स्टिट्यूट यादीत ठेवच, ते पण केंद्राचंच आहे. खाजगी फिल्म स्कूलमध्ये कर्ज काढून जाणार असशील तर आधी हप्त्याचा हिशोब मांड, या लाइनीत पहिल्या महिन्यापासून पगार सुरू होत नाही.

कोचिंगवर माझं मत वाईट आहे. दिग्दर्शकांची नावं आणि सालं पाठ करून घेतात, त्याने लेखीतले थोडे मार्क येतील पण इंटरव्ह्यूला सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे बोलतात. त्यापेक्षा चाकणहून रविवारी पुण्यात ये, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये काही लागलं असेल तर बघ. जानेवारी-फेब्रुवारीत पिफ (पुण्याचा फिल्म फेस्टिव्हल) असतो, नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी. बघितलेल्या प्रत्येक सिनेमावर पानभर मराठीतच लिही. जेटच्या (दोन्ही इन्स्टिट्यूटची आधीची एकत्र प्रवेश परीक्षा) वेळी पेपर हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत असायचा, आता काय आहे ते नव्या माहितीपत्रकात बघ, परीक्षेचं स्वरूप मधूनमधून बदलतं.

कृष्णाकाठ
बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. भोंगा सर, डायचं कळतं मला, म्हणजे सुपरवायझर पण मलाच बोलावतो. पण म्युझिकवाल्याशी कधी भांडलो नाही, भांडण कायम लेखकाशी. स्टँडवर बसून बघतो. अजून एक, मी ओबीसी आहे, नॉन क्रिमीलेयर काढून ठेवलंय, तेच चालेल ना?

भोंगा
लेखकाशी? मग अवघड आहे तुझं 😄 बस तरी स्टँडवर.

मधली सुट्टी
नाही, थांब. ते राज्याच्या नमुन्यातलं असेल तर चालणार नाही. दोन्ही केंद्राच्या संस्था आहेत, ओबीसी-एनसीएल (म्हणजे नॉन क्रिमीलेयरच) केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि किती तारखेनंतरचं हवं ते जाहिरातीत दिलेलं असतं. तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघ, राज्याची यादी वेगळी. एसईबीसीवाल्यांनी (मराठा आरक्षण) पण लक्षात ठेवा, ते आरक्षण राज्यापुरतं आहे, इथे धरत नाहीत. आपले सरकारवर अर्ज करताना केंद्राचा नमुना हवा हे सेतूवाल्याला दोनदा सांग, सवयीने राज्याचाच टाकतात. जाहिरात यायच्या आधी काढून ठेव, प्रांत ऑफिसात किती दिवस लागतील ते त्यांनाच ठाऊक.