मदत हवी आहे: 'लेपर्ड' दिसलं की बिबट्या लिहीत गेले, आता काय करू?

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहते, ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या एका संस्थेत इंटर्नशिप करतेय. वन्यजीव संरक्षणाची जुनी पत्रं, शिकार परवाने, वनखात्याचे अहवाल स्कॅन होऊन आलेत. आम्ही तिघी घरूनच शीटमध्ये त्यांच्या नोंदी भरतो. मानधन नेटपॅकपुरतं, पण कागद एकेक असे की जेवायचं विसरायला होतं.

काल एका पत्रात 'हंटिंग लेपर्ड' काळविटामागे सोडल्याचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. बिबट्याला कोण काळविटामागे सोडतं? हा तर चित्ता! मी मात्र प्रजातीच्या रकान्यात सरळ 'बिबट्या' लिहीत आले. मोजल्या, अशा 42 नोंदी निघाल्या.

गावांचाही घोळ आहे. 'टाना' म्हणजे आपलं ठाणे, 'साल्सेट' म्हणजे साष्टी, हे कळलं. 'बॅसीन'ला सगळीकडे वसई लावलं. आता एका पत्रात बॅसीनजवळ रानटी हत्ती निघालेत. वसईत हत्ती?

शीर्षकंही बदलायची का? आणि महिनाअखेरीस शीट द्यायचं आहे, मॅडमना सांगायचा धीर होत नाहीये.

जुनेदफ्तर: ताई, शीर्षकाला हात लावू नका. कागदावर आहे तेच शीर्षकात. आजचं नाव विषयाच्या रकान्यात, शेजारी शास्त्रीय नाव. तेही जुन्या कागदांत वेगळं दिसेल. चित्ता आज असिनोनिक्स जुबेटस, पूर्वी फेलिस जुबाटा, मग सायनेल्युरस जुबेटस. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिन्हींत 'jubat' येतंच, म्हणून शोधताना नुसतं तेवढंच टाका. नुसतं 'पँथर' असेल तर तो बिबट्याच, ते राहू द्या. हस्तलिखितांवर मशीनचा शोध बऱ्याचदा चुकतो, ती डोळ्यांनीच वाचा.

हत्तींचं बॅसीन ब्रह्मदेशातलं, आजचं पाथेन. 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, त्यामुळे कागद एकाच गठ्ठ्यात येतात. पत्राच्या माथ्यावर कुठलं ऑफिस आहे ते बघा.

रंकाळा_ते_ऐरोली: आमच्या कोल्हापूरची पत्रं असतील तर एक सांगतो. संस्थानात चित्ते पाळून काळविटाची शिकार व्हायची, त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. पण विसाव्या शतकात हे चित्ते आफ्रिकेतून आणवले जात. तेव्हा 'कोल्हापूर' हे पत्राचं स्थळ म्हणून लिहा, जनावर तिथल्या रानातलं असं धरू नका. उद्या कुणी त्या शीटवरून नकाशा काढला तर कोल्हापुरात 1930 साली रानटी चित्ते दिसायचे!

मॅडमना आजच सांगा. शीट पुढे गेल्यावर निस्तरणं महाग पडतं.

धागाकर्ती: दोघांचे आभार. माथा बघितला, रंगून आहे. मॅडमना फोनही केला. रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "ते हत्तीचं पत्र आधी पाठव, मला वाचायचंय." आता 42 नोंदी घेऊन बसतेय.