आयपीएफमध्ये पुढचा धोका रक्तावरून बघावा का?

मेधा : माझ्या बाबांना आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस) हा फुप्फुसांचा आजार आहे. फुप्फुसांत व्रण साचत जातात, ती घट्ट होतात, दम लागतो. कुणाचा आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो, कुणी काही महिन्यांत खचतं. ते कळायला स्पायरोमेट्री. जीव खाऊन नळीत फुंकायचं, खोकला आला की पुन्हा. मागच्या वेळी चौथ्या फुंकीनंतर बाबांचे ओठ थरथरत होते. आणि एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात बाहेर सोडलेली एकूण हवा, घसरलेली दिसेपर्यंत तेवढं फुप्फुस गेलेलं असतं! केएल-६, एमएमपी-७, सीसीएल-१८ ही प्रथिनं रक्तात वाढलेली असतील तर धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. जपानमध्ये केएल-६ नेहमीच्या वापरात आहे. पहिल्याच भेटीत तपासावं, असं माझं ठाम मत आहे.

अनिकेत : मी छातीविकारांच्या ओपीडीत काम करतो. बाबांचे हाल समजतात, तरी असहमत. गटाला जे लागू पडतं ते एका माणसाला पडेलच असं नाही. बरे राहिलेले आणि खालावलेले यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर निदानासाठी या तपासण्या करू नका असंच सांगितलं. भाकिताचा प्रश्न वेगळा, मान्य. पण निन्टेडॅनिब किंवा पिरफेनिडोन ही व्रण साचण्याचा वेग कमी करणारी औषधं द्यायची की नाही, हे त्या आकड्यावर ठरत नाही. मग रुग्णाच्या मनाला घोर कशाला?

सुहास : औषध कधीच बदलत नाही, हे पटत नाही. प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-असिटिलसिस्टीन एकत्र दिलेल्या आयपीएफ रुग्णांत मृत्यू वाढले, हे २०१२ मध्ये छापून आलं. पुढे रक्तपेशींतले टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, मोजले, तेव्हा अपाय आखूड टेलोमिअरवाल्यांना झाल्याचं दिसलं. हाही रक्तातलाच आकडा ना? शिवाय सीबीसी या साध्या रक्ततपासणीत मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला ९५० किंवा जास्त असणाऱ्यांत मृत्यू अधिक, हे २०१९ मध्ये आलंय. तो रिपोर्ट प्रत्येकाच्या फाइलमध्ये पडून असतो, कुणी बघत नाही.

अनिकेत : टेलोमिअरचा मुद्दा वजनदार आहे, तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. मोनोसाइट मात्र साध्या संसर्गानेही वाढतात. एका रिपोर्टवर घाबरवू नका.

मेधा : मला घाबरायचं नाहीये. प्रत्यारोपणासाठी कधी धावायचं, एवढंच आधी कळावं.

अनिकेत : त्यासाठी कुठल्याच आकड्यासाठी थांबू नका. आयपीएफचं निदान झालं आणि वय-प्रकृती आड येत नसेल, की लगेच प्रत्यारोपण केंद्रात दाखवावं. बाबांना पाठवलंय का अजून?