मदत हवी आहे : सीएनजी घ्यावी की इलेक्ट्रिक?

मंडळी, जुनी पेट्रोल गाडी काढतोय. पुण्यात रोजचं येणं-जाणं धरून महिन्याला साधारण १२०० किमी होतात. सीएनजीने किलोला २५ किमी दिले तर ४८ किलो गॅस लागेल. इलेक्ट्रिकने युनिटला ७ किमी धरले तर १७१ युनिट. गॅस आणि विजेचे दर लावले तर इथवर इलेक्ट्रिकच जिंकते. पण हे युनिट घरच्या मीटरवर आले की बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार, म्हणून वेगळं मीटर घ्यायचं म्हणतोय. सोसायटीचे चेअरमन 'बघू, मीटिंगमध्ये ठेवू' म्हणून तीन महिने बघतच आहेत!

सीएनजीचे ताप माहीत आहेत. भावाच्या गाडीत टाकीमुळे दोन बॅगाही मावत नाहीत, पंपावर रांग, वर दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी). इलेक्ट्रिकला ऑइल बदलणं नाही, द्रुतगती मार्गावर टोलही माफ. पण ज्या दोन गाड्या बघितल्या त्यांत साडेतीन लाखांचा फरक आहे, तो कर्जावर व्याजासकट फिटायला किती वर्षं?

पाच वर्षं इलेक्ट्रिक वापरलेल्यांनी सांगा : इन्शुरन्स, टायर आणि विकताना मिळालेली किंमत, खरे आकडे काय?