सांगलीहून रत्नागिरीत बदली, तीही ऐन पावसात: घर, शाळा, सामान... सल्ला द्या

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सरकारी बँकेत क्लार्क होते, प्रमोशन घेतलं आणि पोस्टिंग आलं रत्नागिरी. जूनअखेर हजर व्हायचंय. शाखा मारुती मंदिरच्या जवळ. शेतीकर्जाचं काम बरंच आहे म्हणतात, म्हणजे हजर झाल्या दिवसापासून पीककर्ज, नूतनीकरण आणि पीकविमा. मिस्टरांची नोकरी सांगलीतच, ते शनिवार-रविवार येऊन-जाऊन. माझ्यासोबत सासूबाई (गुडघ्यांचा त्रास) आणि सहावीतला मुलगा. घर कुठल्या भागात बघू, सगळं सामान आत्ताच न्यावं का, आणि मुलाला आत्ता हलवावं की दिवाळीनंतर? कोकणात आजवर फक्त गणपतीपुळ्याला आलेय, तेही उन्हाळ्यात.

नाचणेकर
अभिनंदन ताई! शाखा मारुती मंदिरला असेल तर शिवाजीनगर, नाचणे रोड, फार तर साळवी स्टॉप. कुवारबाव स्टेशनला जवळ आणि भाडं जरा कमी, पण मुसळधार पावसात रोज रिक्षा करावी लागेल. मांडवीकडे समुद्र बघून भुलू नका, खाऱ्या हवेत लोखंडी कपाटं आणि फ्रिजची मागची बाजू गंजते.

पावसात घर शोधताय हे एका अर्थी बरंच आहे. मे महिन्यात सगळीच घरं छान दिसतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा येतो समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेची भिंत सगळा मारा खाते. घर बघायला जाल तेव्हा त्या भिंतीला तळहात लावून बघा. गार लागणारच, पण हाताला ओल किंवा चुन्याची पांढरी पूड लागली तर सरळ पुढचं घर बघा. खिडक्यांवर पुढे आलेली छपरी आहे का तेही पाहा. तळमजला ओल धरतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब गळतो (वर पत्रा घातलेला असेल तर चालेल). सासूबाईंसाठी लिफ्ट नसेल तर पहिला मजला उत्तम. मालक म्हणेल "यंदाच वॉटरप्रूफिंग केलंय". सगळेच म्हणतात.

घाटउतार
मी याच धंद्यातून निवृत्त झालो, म्हणून बँकेपुरतं सांगतो. घर बँकेच्या लीजवर घेणार असाल तर मालकाला पहिल्या फोनवरच विचारा. करार बँकेशी करायचा म्हटलं की बरेच मालक कागदपत्रांना कंटाळून मागे फिरतात, आणि तुमचा रविवार फुकट जातो. जॉइनिंग टाइम (बदलीनिमित्त मिळणारी सुट्टी) पहिल्या दिवशीच संपवू नका. आधी हजर व्हा, लॉजवर राहा (हॉल्टिंगचं, म्हणजे मुक्कामाच्या भत्त्याचं, काय मिळतं ते विचारून घ्या), घर ठरलं की मग सामानासाठी सुट्टी घ्या. किती मुदतीत घेता येते ते एचआरकडून लेखी घ्या. ट्रकवाल्याकडून गाडी नंबर असलेलं पक्कं बिल आणि बिल्टी (सामान गाडीत चढवल्याचा ट्रान्सपोर्टचा कागद) घ्या, साध्या पावतीवर बिल पास होत नाही.

आणि एक आतली गोष्ट. गणपतीत स्थानिक स्टाफ सगळा रजेवर, शाखा घाटावरच्यांच्या गळ्यात. त्याआधीच्या आठवड्यात मुंबईकर चाकरमानी उतरतात, काउंटरला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा कुरकुर करू नका, पण मोबदल्यात दिवाळीची रजा आत्ताच तोंडी मागून ठेवा.

फणसगरा
माझं मत वेगळं. पहिली तिमाही एकटीनेच काढा. पेइंग गेस्ट, खानावळ, सुटसुटीत. नवीन अधिकारी, शेतीकर्जाची शाखा, घरी यायला रात्रीचे आठ वाजणार. सासूबाई अनोळखी गावात, बाहेर धो धो पाऊस, दिवसभर लाइटचा लपंडाव. त्यांना ऑक्टोबरात आणा, तेव्हा रत्नागिरी बघण्यासारखी असते.

राजीवड्याची सून
फणसगरा, सासूबाईंचं पटलं, मुलाचं नाही. शाळा जूनच्या मध्याला सुरू झालेली असते, दिवाळीपर्यंत पहिलं सत्र संपतं. मग येऊन तो नवा, बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या. आत्ता आला तर पाचवी-सहावीत नवीन आलेली आणखी चार पोरं असतात. फाटक, पटवर्धन, शिर्के या तिन्ही शाळा शहरातच आहेत, जागेचं फोनवर विचारा. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला तरी जुन्या शाळेने ऑनलाइन नाव सोडलंय ना हे बघा, तिथेच गाडी अडते.

सामान निम्मंच आणा. गाद्या-पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ताडपत्री असलेल्या बंद गाडीतून. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचं. चामड्याच्या चपला, पर्स, पट्टे सांगलीतच राहू देत, आठवड्यात हिरवी लव चढते. ज्वारीचं पोतं तर मुळीच आणू नका, महिन्यापुरती आणा आणि घट्ट डब्यात ठेवा. कपडे वाळायला घरात दोरी आणि पंखा लागतो, म्हणून घर बघताना हॉलमध्ये दोरी बांधायला हूक आहेत का ते बघा (हसू नका!). इन्व्हर्टर मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या. आणि मासे खात असाल तर ३१ जुलैपर्यंत धीर धरा, मासेमारी बंद असते. तोवर सुकट.

कृष्णाकाठची
किती छान माहिती! घरी बोलणं झालं. मुलगा आणि मी आत्ता, सासूबाई दिवाळीनंतर. पण मला उशीर झाला तर शाळा सुटल्यावर तो कुठे बसणार?

राजीवड्याची सून
म्हणून तर घर शाळेच्या चालत्या अंतरावर हवं, शाखेच्या नव्हे. तुम्ही रिक्षाने जाल. त्याच बिल्डिंगमध्ये शिकवणी घेणारं कुणीतरी असतंच, घर बघतानाच वॉचमनला विचारा. मालकापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं. पाणी रोज किती वेळ येतं हेही त्यालाच विचारा.

नाचणेकर
गॅसचं राहिलं. गाव बदलतंय, तेव्हा सिलिंडर-रेग्युलेटर तिकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, इथल्या एजन्सीत ते दाखवून नवं मिळतं. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका.

कृष्णाकाठची
व्हाउचर उद्याच करते. शेवटचा प्रश्न: मिस्टर म्हणतायत स्कूटर आंबा घाटातून चालवत आणतो. आणू दे का?

घाटउतार
जुलैत? नको. धुक्यात पुढच्या ट्रकचा दिवा दिसत नाही आणि दरड कधी येईल सांगता येत नाही. स्कूटर सामानाच्या गाडीत चढवा, पेट्रोल काढून. त्यांना एसटीने येऊ दे, आणि रविवारी परतायचं तर दुपारीच निघू दे.